पक्षी छापा, गावाचं नाव नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दुर्मिळ पक्षी दिसल्याची बातमी आपण फोटोसकट छापता, वाचून आनंद होतो, पण कळकळीची विनंती आहे की जागेचं नाव छापू नका.

डिसेंबरचा अख्खा महिना मी आणि माझा मेव्हणा पक्ष्यांमागे फिरत होतो. एकही रविवार सोडला नाही, कामाच्या दिवशीपण पहाटे जाऊन यायचो, अक्षी, रेवदंडा, किहीम, एकदा फणसाड. मुख्य शोध पाणचिऱ्याचा. त्याची खालची चोच वरचीपेक्षा लांब, उडता उडता ती पाण्यात बुडवून तो पाणी चिरत जातो म्हणून हे नाव. चंबळच्या वाळूत घरटी करतो आणि थंडीत क्वचित आपल्याकडे येतो, जगात आता फार थोडे उरलेत. अक्षीला कालवफोड्या दिसला, लालभडक चोचीचा, कुरव आणि सुरय हे समुद्रपक्षी तर शेकड्यांनी, पण पाणचिरा काही नाही. शेवटच्या आठवड्यात एका खाडीच्या तोंडाशी कुरवांच्या थव्यात सात पाणचिरे वाऱ्याकडे तोंड करून बसलेले दिसले, मेव्हण्याच्या डोळ्यात पाणीच आलं. खाडी कुठली ते लिहीत नाही.

कारण त्याच्या आदल्या रविवारी आम्ही दुसऱ्या एका किनाऱ्यावर होतो, एका पेपरात गावाच्या नावासकट बातमी आलेली, आम्हीपण ती वाचूनच गेलेलो. पुळणीवर दहा-बारा गाड्या, वर ड्रोन, आणि उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून एकाने जीप थेट थव्यात घातली. तासाभरात थवा चार वेळा उठला. नंतर आम्ही दोन खेपा घातल्या, तिथे कोणीच नाही.

लोकांना वाटतं उडाला तर उडाला, परत बसेल. पण किनाऱ्यावरच्या थव्यातले बरेच पक्षी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात खातात, भरती चढली की ती जागा पाण्याखाली जाते, मग उरलेल्या वाळूच्या पट्ट्यावर दोन-तीन तास विसावतात. तेव्हाच उठवलं की अंगातली चरबी जळते, आणि त्यातल्या कित्येकांना त्याच चरबीवर उन्हाळ्याच्या तोंडाला हजारो किलोमीटर उत्तरेला जायचं असतं. तिथले रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे एक काका म्हणाले, भरतीला आम्हीसुद्धा त्या टोकाला जात नाही, बसू द्या त्यांना. त्यांना हे कोणी शिकवलेलं नाही.

आणि प्रश्न फक्त फोटोवाल्यांचा नाही. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर पाकोळ्या लाळेची घरटी करतात, परदेशात त्यांचं सूप करतात म्हणून ती घरटी चोरीला गेलेली आहेत. जागा सगळ्यांना कळली की चोरालापण कळते. आपल्या रायगडचा जिल्हा पक्षी तिबोटी खंड्या पावसाळ्यात कर्नाळ्याला घरटी करतो, तिथे तर जास्तच जपायला हवं.

नोंद व्हायलाच हवी, पण ती वनखात्याकडे द्या. पेपरात 'रायगडचा किनारा' एवढं पुरे. घरट्याचे आणि ड्रोनने काढलेले फोटो घेऊच नका. ज्या किहीमला सलीम अलींनी 1930 साली सुगरणीचा अभ्यास केला तिथून जवळच मी राहतो, म्हणून हक्काने सांगतोय. 5 ते 12 नोव्हेंबरला पक्षी सप्ताह असतो, तेव्हा भरतीच्या वेळी थव्यापासून लांब कसं थांबायचं यावर अर्धं पान द्या, मजकूर मी आणि मेव्हणा लिहून देऊ.

आपला नियमित वाचक,
ता. अलिबाग