‘एचडी’ची पाटी आणि मूळ चौकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्वदच्या दशकातल्या विज्ञान मालिका ओटीटीवर ‘एचडी’ची पाटी लावून आल्या, की चाहत्यांकडून दोन मागण्या हमखास होतात. एक, चित्र पडदाभर करा. दुसरी, धूसर भाग ‘एआय’ने स्वच्छ करा. दोन्हींना माझा विरोध आहे.

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही अंतराळ मालिका (१९८७-९४) ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली, पण तिचे संकलन आणि स्पेशल इफेक्ट्स व्हिडिओटेपवर, अमेरिकेच्या एनटीएससी या टीव्ही पद्धतीत झाले. त्या पद्धतीत चित्राच्या आडव्या रेषा जेमतेम ४८०. फिल्मवर टिपलेला बराचसा तपशील टेपवर उतरतानाच गळून गेला. म्हणून ब्ल्यू-रेसाठी २०१२ ते २०१४ या काळात मूळ निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून सातही पर्वे एकेक शॉट जुळवत नव्याने बांधावी लागली. यानांच्या मॉडेलचे चित्रणही फिल्मवर होते, त्यामुळे त्याचे थर पुन्हा एकमेकांवर बसवता आले. निगेटिव्ह न सापडलेले मोजके शॉट टेपवरूनच मोठे केले आहेत आणि ते लगेच ओळखू येतात.

याच ‘स्टार ट्रेक’ परिवारातल्या ‘डीप स्पेस नाइन’चे (१९९३-९९) असे झालेले नाही, आणि तिथे अडचण मोठी आहे. शेवटच्या पर्वांतल्या लढाया बहुतांशी संगणकावर घडल्या, त्याही तेव्हाच्या टीव्हीला पुरेल एवढ्याच रेषांत. मॉडेलच्या चित्रणाचे निगेटिव्ह असते, संगणकीय दृश्याचे नसते. ते पुन्हा घडवावे लागते. सहाव्या पर्वात शत्रूची १,२५४ याने समोर ठाकतात, पण ४८० रेषांत मागची याने म्हणजे नुसते ठिपके. २०१९ मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या ‘व्हॉट वी लेफ्ट बिहाइंड’ या माहितीपटासाठी चाहत्यांनी वर्गणी काढली आणि मालिकेतले काही प्रसंग निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन झाले. चेहऱ्यांवरचा रंगभूषेचा पोत त्यात प्रथमच नीट दिसला. माझ्या मते या साऱ्या परिवारातली ही सर्वांत सखोल मालिका आहे आणि पूर्ण खर्च तिच्यावर व्हायलाच हवा.

‘एआय’ त्याला पर्याय नाही. टेपवर जे उतरलेच नाही, ते सॉफ्टवेअर अंदाजाने रंगवते. त्वचा मेणासारखी होते, केसांचे पट्टे होतात, यंत्रफलकांवरची अक्षरे वाचता न येणाऱ्या खुणा बनतात. शिवाय फिल्मच्या सेकंदाला २४ चौकटी (स्थिर चित्रे) टेपवर सेकंदाला सुमारे ६० अर्धचित्रांत वाटलेल्या असतात. ती वाटणी आधी नीट उलटवली नाही, तर हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दात येतात आणि सॉफ्टवेअर तेच दात ठळक करते.

पडदाभर चित्राचा हट्ट तर अधिक घातक. जुन्या टीव्हीचे ४:३ (रुंदी : उंची) चित्र आजच्या रुंद १६:९ पडद्यात बसवायचे, तर वरखालून मिळून पाव चित्र कापावे लागते. ‘बॅबिलॉन ५’ ही अंतराळ मालिका (१९९४-९८) रुंद चौकटीचा विचार करून चित्रित झाली होती, पण तिची संगणकीय दृश्ये ४:३ मध्येच बनली. डीव्हीडीच्या रुंद आवृत्तीत ती कापून मोठी केली गेली. ४८० पैकी ३६० रेषा उरल्या. अभिनेते आणि संगणकीय दृश्य एकत्र आले, की अख्खा शॉट धूसर पडे. २०२१ मध्ये फिल्म पुन्हा स्कॅन करून मालिका ४:३ मध्येच आणली, हा निर्णय मला योग्य वाटतो. ‘बफी’ या मालिकेच्या एचडी आवृत्तीत चौकट रुंदावल्यावर कडेला चित्रीकरणाचे साहित्य आणि माणसे दिसू लागली. नेटफ्लिक्सवरच्या ‘साइनफेल्ड’ या विनोदी मालिकेत तर रस्त्यावरच्या खड्ड्यावर बेतलेल्या भागात तो खड्डाच कापला गेला.

वाचकांना घरी करता येण्यासारख्या दोन गोष्टी. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये ‘झूम’ किंवा ‘वाइड’ न ठेवता ‘ओरिजिनल’ किंवा ४:३ निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले, तर चित्र पूर्ण आहे असे समजा. आणि चित्राची हालचाल गुळगुळीत करणारी मोशन सेटिंग बंद ठेवा. ती मधल्या चौकटी स्वतः रचते आणि २४ चौकटींची फिल्म स्टुडिओतल्या व्हिडिओसारखी दिसू लागते. ओटीटी कंपन्यांकडे मागणी एवढीच : मालिका निगेटिव्हवरून आली की टेपवरून, हे तिच्या माहितीत स्पष्ट लिहा.

– एक वाचक, ठाणे