लेट : एका क्रियापदाविषयी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

विमानतळावर तू वळून हात केलास, पण आदल्या रात्रीचे वाक्य काही मागे घेतले नाहीस, आणि मीही विषय काढला नाही. भांडण मराठीत सुरू झाले होते; शेवटचा घाव मात्र तू इंग्रजीत घातलास, ‘यू नेव्हर लेट मी डू एनिथिंग.’ जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला त्या क्षणी काय सुचावे, तर वाक्य निर्दोष आहे हे! लेटनंतर कर्म, कर्मानंतर साधे क्रियापद, मध्ये ‘टू’ नाही. अलाउला ‘टू’ लागतो, मग लेटला का नाही, असे विचारत माझी निम्मी मुले वर्षानुवर्षे ‘लेट मी टू गो’ लिहीत राहिली. तू सातवीतसुद्धा ती चूक केली नाहीस. त्या रागातही तुझे व्याकरण ढळले नाही याचा मला अभिमान वाटला, आणि तो नेमका अशा वेळी वाटावा याची लाजही वाटली.

दम्याचा पंप हातातल्या पर्समध्येच ठेव, मोठ्या बॅगेत नको. हे लिहायचे नाही असे ठरवले होते.

तू गेल्यापासून एका गोष्टीवर मी अडले आहे. लेटची वर्तमानकाळातली आणि भूतकाळातली रूपे सारखीच. कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ असता तर शेवटच्या ‘स’वरून वर्तमानकाळ ओळखता आला असता, ‘यू’ असल्यावर ती सोयही उरत नाही. तेव्हा ‘तू मला कधीच काही करू देत नाहीस’ असे तुला म्हणायचे होते, की ‘कधीच काही करू दिले नाहीस’ असे? दुसरे असेल तर ते झाले गेले, ऐकून घेईन. पहिले असेल तर मी अजूनही तुझ्या वाटेत उभी आहे. तुझ्या मराठी वाक्यातून हे लगेच कळले असते.

या शब्दाची एक हकीकत तुला सांगायची राहून गेली. इंग्रजीत एके काळी लेट ही दोन क्रियापदे होती. जुन्या इंग्रजीतले लॅटन म्हणजे सोडणे, जाऊ देणे, आणि लेट्टन म्हणजे अडवणे. उच्चार झिजत झिजत दोन्ही एकाच रूपावर आली, आणि पुढे कित्येक शतके वाट मोकळी करणाऱ्यासाठी आणि वाट अडवणाऱ्यासाठी एकच शब्द चालत राहिला. बापाच्या भुतामागे निघालेल्या हॅम्लेटला सोबती धरून ठेवतात, तेव्हा तो ओरडतो की जो मला ‘लेट’ करील त्याचेच भूत करून टाकीन. 1611 च्या इंग्रजी बायबलातही इजिप्तचा राजा फारो मोशेला दरडावतो, लोकांना कामापासून का ‘लेट’ करता? अडवणारा तो लेट आता जवळजवळ मेला. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला लागून बरोबर चौकटीत पडली की पंच ‘लेट’ म्हणतात तेवढ्यापुरता उरला, आणि पासपोर्टात.

तुझा पासपोर्ट आला त्या संध्याकाळी मी चष्मा लावून सुरुवातीचा मजकूर मोठ्याने वाचला होता : ‘टू अलाउ द बेअरर टू पास फ्रीली विदाउट लेट ऑर हिंडरन्स.’ जाऊ देणारा अलाउ आणि अडवणारा लेट एकाच ओळीत. ‘आई, ते कोणी वाचत नाही,’ असे तू म्हणालीस. पुढे धारकाला लागेल ती मदत आणि संरक्षण देण्याची विनंती आहे. ते मी मनातल्या मनात पुन्हा वाचले. रात्री अडीच वाजता छाती भरून आली तर कोणाचे दार वाजवायचे, हे त्यात लिहिलेले नाही. तुझ्या मामाचे पाहिल्यापासून मला ते लिहिलेले हवे असते.

पुन्हा तिकडेच आले, क्षमा कर.

अडवणाऱ्या लेटचे मूळ ‘उशीर’ अर्थाच्या लेटशी जोडलेले आहे, कारण अडवणे म्हणजे मुळात उशीर करणेच. शिबिराला दोन वर्षांनी जा, सायकल पुढच्या वाढदिवसाला घेऊ, पोहणे उन्हाळ्यात बघू : मी नाही कधी म्हटलेच नाही, असे मी स्वतःला समजावत आले, पण शिबिराला तू शेवटपर्यंत गेली नाहीस.

तिथे लिहिताना मात्र जप. लेटचा कर्मणी प्रयोग सहसा करू नये. परवानगी मिळाली म्हणायचे असेल तर ‘आय वॉज अलाउड टू गो’ असेच लिही, कारण ‘आय वॉज लेट गो’चा अर्थ तिथे नोकरीवरून काढले असा घेतील. तुला हे येते. सवय जात नाही.

मराठीत आपण जाऊ ‘देतो’, करू ‘देतो’, म्हणजे देणाऱ्याच्या हातात आधी काहीतरी असावे लागते. इतकी वर्षे ते माझ्या हातात होते. आता ‘लेट मी नो’ लिहायला घेतले तेव्हा लक्षात आले की या वाक्यात मी कर्म आहे आणि न लिहिलेला कर्ता तू आहेस. कळू द्यायचे की नाही ते तुझ्याकडे गेले.

पंपाच्या मागे उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दिसतो. तो 20 च्या खाली गेला, की लेट मी नो.

तुझी,
आई