गाडीचा रंग वाचवणाऱ्या मिस्त्रीकाकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एका ट्रकच्या रिमोल्ड केलेल्या, म्हणजे जुन्यावर नवा रबरी पट्टा चढवलेल्या, टायरचा तो पट्टा सुटून आमच्या चंदेरी गाडीच्या डाव्या अंगावर आपटला आणि मडगार्डपासून मागच्या बंपरपर्यंत काळे फराटे उमटले. ते काढताना आपण गाडीच्या मूळ रंगाची जी काळजी घेतलीत, तिच्याबद्दल आपले आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र अनावृत ठेवण्याचे कारण एवढेच, की असे फराटे पुष्कळांच्या गाड्यांवर पडतात आणि त्या सर्वांना आपल्यासारखा जाणकार वेळेवर भेटतोच असे नाही.

आपल्याकडे येण्यापूर्वी एका ठिकाणी मला दोन्ही दारे आणि मडगार्ड घासून पुन्हा रंगवावे लागतील, असे सांगण्यात आले होते. आपण मात्र आधी गाडी सावलीत लावायला सांगितलीत, पत्रा थंड होऊ दिलात, भरपूर पाण्याने आणि शाम्पूने धूळ काढलीत आणि मग फराट्यांवरून नख आडवे फिरवून पाहिलेत. मडगार्डच्या कडेची एक जागा सोडली तर नख कुठेच अडकले नाही. तेव्हा हा काळेपणा रंगाच्या आत गेलेला नसून वर बसलेला आहे, त्यासाठी रंगकामाची गरज नाही, असे आपण स्पष्ट सांगितलेत. ज्याचा चरितार्थ रंगकामावर चालतो, त्याने हाती आलेले रंगकाम आपणहून नाकारावे, याचे मला फार अप्रूप वाटले.

त्यामागचे कारणही आपण समजावून दिलेत, आणि त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे. टायरला बळकटी यावी म्हणून त्याच्या रबरात कार्बन ब्लॅक मिसळलेले असते. त्याचा काळा रंग येतो तो त्यामुळेच. रबर रंगाच्या वरच्या पारदर्शक थरापेक्षा, म्हणजे क्लिअर कोटपेक्षा, मऊ असल्याने जोरात घासले गेले की बहुधा तेच झिजते, घर्षणाच्या उष्णतेने चिकट होते आणि रंगावर लिंपले जाते. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन रंग असतो आणि त्यातला क्लिअर कोट बहुतेक 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. उन्हापासून खालच्या रंगाचे रक्षण तोच करतो. रबिंग कंपाउंडने, म्हणजे रंग घासून काढणाऱ्या खरखरीत लेपाने, फराटा जातो खरा, पण त्याबरोबर या थराचा काही भागही कायमचा जातो. म्हणून कंपाउंड हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे, हे आपले म्हणणे मला पूर्णपणे पटले.

काम सुरू करण्यापूर्वी आपण विचारलेला प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: गाडीचा कोणता भाग पूर्वी पुन्हा रंगवला आहे का? मागचा बंपर रंगवलेला होता. कारखान्यात भट्टीत पक्का झालेला रंग सौम्य द्रावकाला दाद देत नाही, पण बाहेर केलेला रंग, विशेषतः जुन्या पद्धतीचा किंवा ताजा असेल तर, मऊ पडू शकतो. म्हणून आपण बंपरच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर आधी थेंबभर द्रावक लावून पाहिलेत, कापडावर रंग उतरत नाही याची खात्री केलीत आणि मगच वर हात घातलात. क्लिअर कोट नसलेल्या काही साध्या पांढऱ्या किंवा लाल गाड्यांचा रंग कापडावर थोडा उतरतोच, तेव्हा तिथे हात आणखी हलका हवा, हेही आपण सांगितलेत.

थिनरची बाटली आपण उघडूही दिली नाहीत. थिनर रबराबरोबर बाहेरच्या रंगालाही सोलू शकतो आणि प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्या खराब करतो. पेट्रोल चटकन उडून जाते, त्यामुळे रबर भिजण्याऐवजी माणूस नुसता घासत राहतो, शिवाय आगीचा धोका वेगळाच. आपण साधे मिनरल टर्पेंटाइन मायक्रोफायबर कापडावर घेतलेत, फराट्यावर अर्धाएक मिनिट नुसते टेकवून ठेवलेत आणि मग दाब न देता एकाच दिशेने पुसलेत. प्रत्येक पुसण्यानंतर कापडाची घडी बदलायची, नाहीतर सुटलेल्या रबरातील वाळूचे कण अडकून त्या कापडाचाच पॉलिशपेपर होतो, हे आपण हाताखालच्या मुलाला ज्या शांतपणे समजावलेत, ते मी विसरणार नाही. आपण त्याला हातमोजे घालायला लावलेत, शटर पूर्ण उघडे ठेवलेत आणि जवळ कुणाला विडीही ओढू दिली नाहीत.

त्यापुढचे काम लवकर उरकले. टर्पेंटाइनचा तेलकटपणा शाम्पूने धुतला, उरलेले बारीक ठिपके साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या क्ले बारने, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, उचलले आणि धुतल्यामुळे उघड्या पडलेल्या रंगावर मेणाचा हात दिला. कंपाउंड कुठेही लागले नाही.

एवढे करून आपण फक्त मेणाचे पैसे घेतलेत. मडगार्डच्या कडेचा तो ओरखडा मात्र प्रायमरपर्यंत, म्हणजे रंगाखालच्या अस्तरापर्यंत, पोहोचला आहे आणि पावसाळ्यात तिथे गंज धरू शकेल, असे आपण बजावले आहे. टच-अपसाठी मी मे महिन्यात गाडी घेऊन येईन. त्या कामाची मजुरी आपण पूर्ण घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
चंदेरी गाडीचा मालक