बोर्ड लावणं म्हणजे कारकुनी नव्हे

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारचा रोस्टरवरचा, म्हणजे हायकोर्टात जजना कामं वाटून द्यायच्या पद्धतीवरचा लेख वाचला. कुठला जज काय ऐकणार हे मुख्य न्यायमूर्तींनी ठरवायची पद्धत अलीकडची असल्यासारखं त्यात लिहिलंय. अलीकडची कुठली? १८६१ च्या हायकोर्ट कायद्याच्या १४ व्या कलमातच आहे की कोण सिंगल बसणार आणि कुणाचं डिव्हिजन बेंच (एकाहून जास्त जज एकत्र) होणार हे चीफ जस्टिस ठरवतील. मी वकिलांकडे ३० वर्षं क्लार्क होतो, रोज सकाळी पहिलं काम बोर्ड, म्हणजे आज कुठली केस कुठल्या जजपुढे ती यादी बघायचं, त्यामुळे हा विषय जरा जवळचा.

आपलं मुंबई हायकोर्ट १४ ऑगस्ट १८६२ ला सुरू झालं, कायद्यात १५ जजची सोय पण बसले फक्त ७, चीफ जस्टिस सर मॅथ्यू सॉस धरून. आणि सातजणांत दोन कोर्टांचं काम, कारण मुंबईचं तेव्हाचं जुनं सुप्रीम कोर्ट नि सदर अदालत (मुलखातल्या अपिलांचं कोर्ट) एकत्र केलेली ना. ओरिजिनल साइडला मुंबई शहरातले दावे आणि ज्युरीपुढचे सेशन्स (मोठे फौजदारी खटले), अपील साइडला पुणे, सातारा, अहमदाबाद पार धारवाडपर्यंतची अपिलं. सेशन्सला जज बसायचा तो आळीपाळीने.

आता पाळी कुणाची याने काय फरक पडतो ते टिळकांच्या राजद्रोहाच्या दोन केसमध्ये बघा. १८९७ ला पार्सन्स आणि रानडे यांच्या बेंचने जामीन नाकारला, पण काही दिवसांनी सेशन्सला बद्रुद्दीन तय्यबजी बसले होते त्यांनी तो दिला. तेव्हा टिळकांची बाजू मांडणारे बॅरिस्टर दावर. १९०८ ला तेच दावर जज म्हणून सेशन्सला बसलेले, त्यांनी जामीन नाकारला आणि २२ जुलैला रात्री उशिरापर्यंत कोर्ट चालवून, ज्युरी ७ विरुद्ध २ झाल्यावर, सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. आरोप तोच, आरोपी तोच, खुर्चीतला माणूस वेगळा. (रानड्यांनी नाकारला हे आमच्या पुण्यातल्या बऱ्याच जणांना पटत नाही, पण आहे ते आहे.)

तेव्हा लेखकांना विनंती, पुढच्या भागात हा इतिहास पण घ्या.

ता.क. १८६५ च्या लेटर्स पेटंटच्या (हायकोर्टाच्या सनदेच्या) ३१ व्या कलमात जजनी फिरतीवर दुसऱ्या गावी बसायची सोय पण होती. आणि मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट (फिरतं) बेंच सुरू झालं ते थेट ऑगस्ट २०२५ मध्ये.

आपला,
एक निवृत्त क्लार्क, पुणे