मजुरीचं वचन आणि मुकादमाची वही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या पुरवणीसाठी आपण ख्रिस्ती लेखकांकडून लेख मागवता, याचा आनंद आहे. त्याच आठवड्यात नगर, सोलापूर, कोल्हापूरच्या फडांत ऊसतोड ऐन भरात असते. सामाजिक प्रश्नांवर ख्रिस्ती दृष्टीतून लिहायला निघालेल्या तरुणांनी सुरुवात तिथून करावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात आज्ञा आहे: मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचं सगळं लक्ष तिच्यावर लागलेलं असतं. याकोबाच्या पत्रात (5:4) शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे. नवा लेखक ही वचनं घेतो आणि ‘ऊसतोड मजुरांची मजुरी थकवली जाते’ असं लिहून मोकळा होतो. त्यावर मजुरांची टोळी आणणारा मुकादम एका वाक्यात उत्तर देतो, ‘पैसे तर आम्ही हंगामाआधीच दिलेत.’ लेख तिथेच पडतो.

कारण फडातला व्यवहार उलटा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते आणि तोडलेल्या टनांवर ती फिटत जाते. बाई तापाने कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पडून राहिली तर खाडा लागतो, म्हणजे मजुरी बुडते आणि वर दंड चढतो. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या साली. इथे मजुरी उशिरा मिळत नाही. आधी मिळते, आणि तीच माणसाला बांधून ठेवते. म्हणून वचन लावायचं तर प्रश्न बदलावा लागतो: हिशोब कोणाच्या हातात आहे?

तो शोधायला तीन-चार कोयत्यांचा पूर्ण हंगामाचा हिशोब मांडून पाहावा. उचल किती, टन किती भरले, वजनाची पावती मजुराने डोळ्यांनी पाहिली का, खाडे किती आणि दंडाचा आकडा कोणी ठरवला. बाईच्या अर्ध्या कोयत्याचे पैसे तिच्या हातात पडतात का, हे तिलाच, आणि शक्यतो एकटीला विचारावं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. ती वहीत उतरली का, तेही पाहावं. मग मुकादमाची बाजू घ्यावी, कारण उचल घेऊन टोळी पळाली तर खड्डा त्याला पडतो. कारखान्याच्या शेतकी खात्यालाही विचारावं. मजुरांची नावं, गावं बदलावीत. नाहीतर पुढच्या साली त्यांना उचल मिळणार नाही. शेतकऱ्याच्या उसाच्या पैशाला 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने 14 दिवसांची मुदत घातली आहे, उशीर झाल्यास वर्षाला 15 टक्के व्याज. मजुराची गाठ मात्र मुकादमाच्या वहीशी. या दोन ओळी शेजारी ठेवल्या की वचन आपोआप बोलतं.

सातशे शब्दांच्या लेखात वचन एकदाच यावं, आणि ते शेवटी नको. शेवटी आलं की लेखाचं प्रवचन होतं. ‘ओझं’, ‘साक्ष’, ‘सहभागिता’ हे शब्द आपल्याला घरचे आहेत. बाहेरच्या वाचकाला त्यांचा आपला अर्थ लागत नाही. ते काढून साधं मराठी लिहावं.

ही वाट नवी नाही. 1842 मध्ये नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाने 1855 मध्ये मुक्ताबाई या मांग समाजातल्या विद्यार्थिनीचा निबंध छापला. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या त्या मुलीने दुःखाविषयी मोघम काही लिहिलं नाही. बाळंत होताना आमच्या बायांच्या घरावर छप्पर नसतं, थंडी-पावसाने त्यांचे हाल होतात, असं तिने लिहिलं. वाचकाच्या अंगावर काटा येतो तो त्या छपरामुळे.

आपल्या घरातलंही लिहावं लागेल. चर्चमध्ये जातिभेद आहे हे भारतातल्या कॅथलिक धर्माध्यक्षांनी 2016 च्या दलित सक्षमीकरण धोरणात स्वतः मान्य केलं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. त्यावर न्याय मागणाऱ्याने सोयरिकीच्या वेळी आपल्याच मंडळीत जात कशी विचारली जाते, हेही त्याच लेखात सांगावं. ते गाळलं की मागणी अर्धी होते.

संपादक महोदय, हिशोब गोळा करायला महिना-दीड महिना जातो आणि गाळप मार्चपर्यंत चालतं. असा लेख 25 डिसेंबरनंतर आपल्याकडे आला, तर पुरवणी निघून गेली म्हणून तो परत पाठवू नये, एवढी विनंती.

आपले,
काही मराठी ख्रिस्ती वाचक, श्रीरामपूर