खेळण्याचं परीक्षण गुडघ्यापासून सुरू करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत जुन्या खेळण्यांवर पानभर लेख आला होता तो सकाळी चहासोबत वाचला आणि दुपारी परत वाचला, म्हटलं पहिल्यांदा आपलंच काहीतरी वाचायचं राहिलं असेल. पण नाही. फोटो मस्त होते, पण खेळणं हातात घेतल्यावर कसं लागतं याबद्दल अख्ख्या लेखात एक ओळ नाही. सगळा हिशोब पैशाचा, कुठला रोबो कितीला घेतला, आता कितीला जातो, सीलबंद डबा असेल तर किती वाढीव मिळतात. सोन्याचे भाव वाचल्यासारखं वाटलं. म्हणून हे पत्र, जरा मोठं झालंय पण कापू नका प्लीज, आणि कापलंच तर गुडघ्याचा भाग ठेवा.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये २२ वर्षं काम करतोय, प्लॅस्टिकच्या पार्टचे मोल्ड म्हणजे साचे बनवतो. आणि सिडकोत घरी एका काचेच्या कपाटात २०० च्या आसपास अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे हातपाय वाकवता येणारे छोटे शिपाई-हिरो, आणि रोबो आहेत, त्यातला एकही डब्यात बंद नाही. आमच्याकडे पार्ट मशीनमधून बाहेर पडला की त्याची किंमत कोणी विचारत नाही, आधी तो फिरवून फिरवून बघतात, कडेला फ्लॅश म्हणजे जादा प्लॅस्टिकचा पापुद्रा आलाय का, पार्टिंग लाइन म्हणजे साच्याच्या जोडाची रेघ नको तिथे पडलीये का, जाड भागावर खड्डा बसलाय का, गेट म्हणजे प्लॅस्टिक जिथून आत शिरतं ते तोंड कुठे कापलंय, आणि मग दोन पार्ट एकमेकांत बसवून हलवून बघतात. माझं म्हणणं एवढंच आहे की खेळणंसुद्धा असंच बघायला पाहिजे आणि असं बघून त्याबद्दल पेपरात लिहून यायला पाहिजे. तुम्ही सिनेमाचं परीक्षण छापता, नाटकाचं छापता, पुस्तकाचं, मोबाईलचं, बाईकचं पण छापता, आणि ज्या वस्तूवर प्रत्येक घरात वाढदिवसाला, दिवाळीला पैसे जातात तिच्याबद्दल कोणीच काही सांगत नाही, आईबाप डब्यावरचं चित्र बघून घेतात.

माझ्या भाचीचंच सांगतो. मागच्या दिवाळीत तिला शहरातल्या एका मोठ्या दुकानातून ट्रकचा रोबो होणारं खेळणं घेतलं, ११०० रुपये, डबा एवढा भारी की घरातले सगळे बघत बसले. चौथ्या दिवशी उजवा गुडघा गेला. ती रडली नाही, दोन्ही तुकडे रुमालात बांधून माझ्याकडे घेऊन आली, मामा बघ म्हणाली. भिंगाखाली बघितलं तर सगळं समोर दिसत होतं. सांध्यात स्टीलची पिन ठोकून बसवलेली आणि त्या भोकाभोवती प्लॅस्टिकची भिंत जेमतेम १ मिलिमीटरची. पिन सतत बाहेरच्या बाजूला ताण देत राहते आणि पातळ भिंत तो ताण किती दिवस सोसणार, तुटलेल्या कडेला पांढरी रेघ उमटली होती, म्हणजे पोरीने आपटलं म्हणून ते तुटलं नव्हतं, ते आधीपासून आतून चिरत आलं होतं. प्लॅस्टिकचा दाणा पण रिप्रोसेसचा, म्हणजे जुनं वितळवून परत वापरलेला वाटत होता, तुकडा वाकवला की कट्कन मोडायचा. दुकानात गेलो तर म्हणे मुलांनी तोडलेलं आम्ही परत घेत नाही. मला ११०० रुपयांचं एवढं नाही वाटलं, मला वाईट याचं वाटलं की ८ वर्षांच्या पोरीला ४ दिवस घरात सगळे नीट खेळत जा नीट खेळत जा म्हणत होते आणि चूक तिची नव्हतीच, ती चूक मोल्ड बनवणाऱ्या माणसाची होती, माझ्या धंद्यातल्या माणसाची. भिंत आणखी अर्धा मिलिमीटर जाड ठेवली असती तर तो गुडघा दहा वर्षं चालला असता.

आता कोणी म्हणेल की आयएसआय मार्क बघून घ्यायचं ना. मार्क होता. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर तो सक्तीचा आहे आणि ती फार चांगली गोष्ट झाली, मार्कच्या वर आयएस नंबर आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो, सगळ्यांनी बघत जा. पण त्या तपासणीचा उद्देश काय आहे ते समजून घ्या. आयएस ९८७३ या खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकात खेळणं पाडून बघतात, ओढून पिळून बघतात, ते कशासाठी तर त्यातून टोकदार काही निघू नये, बारका तुकडा सुटून पोराच्या घशात जाऊ नये, रंगात शिसं नसावं. म्हणजे मुलाला इजा होणार नाही इथपर्यंत मार्क बघतो. गुडघा किती वेळा वाकेल, रोबो स्वतःच्या पायावर उभा राहील का, ट्रक होताना दार मधे अडकेल का, हे बघणं त्याचं काम नाही. ते परीक्षण करणाऱ्याचं काम आहे आणि ती जागा रिकामी आहे.

महाग घेतलं की चांगलं असेल हाही समज काढून टाका. परदेशी खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० झाली, त्यामुळे किमतीत खेळण्याचा वाटा किती आणि कराचा किती ते आधी बघा. आणि माल नावाजलेला असला तरी खोड असू शकते. जपानी आणि अमेरिकी रोबोंमध्ये एक काळ चमकी मिसळलेलं सोनेरी प्लॅस्टिक खूप वापरलं, दिसायला राजेशाही, पण त्यातले बरेच जुने पार्ट आता हात लावताच बिस्किटासारखे भुगा होतात, जमवणारे त्याला गोल्ड प्लॅस्टिक सिंड्रोमच म्हणतात. उलट मेन रोडच्या एका गाडीवर १५० रुपयांना घेतलेला एक बिननावाचा रोबो माझ्याकडे आहे, रंग अगदीच यथातथा, पण खांद्याला आतून दातेरी चाक दिलंय, हात वर केला की टक टक टक आवाज करत जिथे ठेवाल तिथे थांबतो, ६ वर्षं झाली अजून तसाच कडक आहे. हे ज्याने केलं त्याचं नाव डब्यावर नाही, पण त्याला सांधा कळत होता.

जमवणं म्हणजे काय याबद्दल पण लिहितो कारण लेखात त्याचीच गल्लत झालीये. आपल्या त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीला १९८० पासून नाणेशास्त्राची संस्था आहे. नाण्याचा अभ्यास करणारा माणूस धातू बघतो, वजन बघतो, ठसा नीट बसलाय का सरकलाय ते बघतो, झीज बघतो, त्यावरून त्याला राजा कळतो, टांकसाळ कळते. ठसा म्हणजे आमच्या भाषेत डायच की. तसंच खेळण्याचं आहे. अ‍ॅक्शन फिगर हा शब्दच १९६४ साली आला, अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने जी.आय. जो नावाचा शिपाई काढला तेव्हा, मुलगे बाहुली म्हटलं की घेणार नाहीत म्हणून. पुढे १९८२ मध्ये तो पावणेचार इंचांचा छोटा झाला आणि आपल्याकडे फनस्कूलने तोच बनवला, ही कंपनी एमआरएफने हॅस्ब्रोबरोबर मिळून १९८७ मध्ये काढलेली. साचे परदेशातून आलेले पण रंग इथले वेगळे, तिकडे जो शिपाई हिरवा तो इथे भलत्याच रंगात, आणि आज बाहेरचे लोक हेच भारतीय रंग मुद्दाम शोधतात.

तसा एक मला गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात मिळाला. जुन्या चार्जर, कुलपं, घड्याळांच्या ढिगात पालथा पडला होता, २० रुपये. कंबर अशी लुळी की उभा धरला तर पाय लोंबत होते. या फिगरमध्ये पाठीत एक स्क्रू असतो आणि पोटात एक काळी रबरी रिंग, तीच वरचं धड आणि खालचे पाय ताणून एकत्र धरते. घरी आणून स्क्रू सोडवला, आत रिंग होती पण बोट लावलं तर काळ्या चुऱ्यासारखी गळून पडली. कंपनीतल्या न्यूमॅटिक सिलिंडरच्या किटमध्ये ओ-रिंग असतात, स्टोअरवाल्याला विचारून चार मापं आणली, पहिली ढिली, दुसरी एवढी घट्ट की पाय वाकेना, तिसरी बरोब्बर बसली. पाठ लावून स्क्रू आवळला, फार आवळायचा नाही नाहीतर प्लॅस्टिकची आटी जाते, आणि टेबलावर ठेवला तर एका गुडघ्यावर बसून स्थिर राहिला. ३०-३५ वर्षांपूर्वीचं ते खेळणं, आणि ज्याने बनवलं त्याने हा विचार केला होता की रबर कधीतरी जाणार, तेव्हा उघडता आलं पाहिजे. आजच्या किती खेळण्यांच्या पाठीत स्क्रू असतो ते दुकानात उलटं करून बघा, अर्धी तर चिकटवूनच टाकलेली असतात. लेखातल्या हिशोबाने या शिपायाची किंमत डबा नाही म्हणून काहीच नाही. माझ्या कपाटात तो सगळ्यात पुढे आहे.

रोबोंची तर गोष्टच न्यारी. ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे गाडीचे रोबो होणारी खेळणी, १९८४ मध्ये हॅस्ब्रोने आणली, पण त्यातले बरेचसे साचे आधीचे, जपानच्या ताकारा कंपनीचे, तिकडे ते डायाक्लोन नावाने विकले जायचे आणि त्यात रोबो म्हणजे आत बारका ड्रायव्हर बसून चालवायचं यंत्र होतं. ट्रान्सफॉर्मर्समध्ये रोबोच जिवंत झाला, ड्रायव्हर गेला, पण सुरुवातीच्या काही गाड्यांची दारं उघडली तर आत सीट अजून तशीच. ती रिकामी सीट बघितली की मला जुन्या वाड्यातला देवघराचा कोनाडा आठवतो, देव नव्या घरी गेले आणि कोनाडा राहिला. अशा गोष्टी डबा फोडल्याशिवाय दिसत नाहीत. आणि बदलणाऱ्या रोबोचं परीक्षण करताना खरा प्रश्न हा की गाडीचे पार्ट रोबो झाल्यावर जातात कुठे. चांगल्या डिझाइनमध्ये बॉनेट छाती होते, चाकं टाचेत जातात, प्रत्येक पार्टला दोन्हीकडे काम असतं. वाईट डिझाइनमध्ये अर्धी गाडी पाठीवर दप्तरासारखी लटकते आणि रोबो मागे कलंडतो. हे फोटोत लपवता येतं, टेबलावर नाही.

आणि मोल्डचं म्हणाल तर गंडम. १९७९ ची रोबोंची जपानी कार्टून मालिका, प्रेक्षक कमी म्हणून ४३ भागांतच आटोपली, मग १९८० मध्ये बांदाई कंपनीने तिच्यातल्या रोबोंची घरी जोडायची किट काढली, १/१४४ स्केलचं पहिलं किट ३०० येनला, आणि त्यावर पोरं तुटून पडली. त्यांच्या आत्ताच्या किटमध्ये एकाच रनरवर, म्हणजे पार्ट ज्याला जोडून येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर, चार रंगांचे पार्ट असतात, एकाच साच्यात. २०१० पासूनच्या आरजी नावाच्या किटमध्ये तर रनरवरच आख्खा सांगाडा जोडलेला येतो, मी तो पहिल्यांदा कापून हातात घेतला आणि कोपर वाकवलं, वाकलं, जोडणी न करता, साच्यातूनच जोडलेलं. दुसऱ्या दिवशी ते टूलरूममध्ये नेलं, जेवणाच्या सुट्टीत आमचे सगळे जण डबे बाजूला ठेवून ते कोपर वाकवत बसले होते, आमचे फोरमन ३५ वर्षं मोल्ड करतायत, ते काही बोलले नाहीत, फक्त खिशातून भिंग काढलं. सातपूर-अंबडमध्ये असं काम समजणारी आणि करू शकणारी माणसं खूप आहेत संपादक साहेब, पण आपल्याला खेळणं या नावाखाली कोणी चांगलं काम मागतच नाही, कारण घेणारा सांध्याबद्दल विचारतच नाही.

तर मागणी अशी. महिन्यातून एकदा पाव पान द्या. खेळणं दुकानातून पैसे देऊन घेतलेलं असावं, फुकट आलेलं नको, लिहिणाऱ्याने ते डब्यातून काढून निदान ५० वेळा हलवून-वाकवून बघावं, सांधे पहिल्या दिवशी आणि महिन्याने किती ढिले झाले ते सांगावं, स्क्रूने उघडतं की चिकटवलंय ते लिहावं, तळहातावर उभं राहतं का ते बघावं, आणि एखाद्या पोराला निवांत खेळू देऊन ते काय म्हणतं तेही छापावं, कारण पोरं चूक फार लवकर पकडतात. जुन्या फिगर जपणाऱ्यांसाठी पण अधूनमधून चार ओळी द्या, मऊ पीव्हीसीचे पार्ट कडक प्लॅस्टिकला चिकटून वर्षानुवर्षं डब्यात ठेवू नका, त्यातलं तेल बाहेर येतं आणि शेजारचा पार्ट खातं, पांढरे रोबो खिडकीच्या उन्हात ठेवले की पिवळे पडतात, पत्र्याखालच्या माळ्यावर तर एप्रिल-मे मध्ये अजिबात नको. एवढं माहीत नसल्यामुळे किती जणांची लहानपणची खेळणी भंगारात गेली.

पहिलं परीक्षण मी लिहून देतो, मानधन नको. भाचीचा तोच ट्रकवाला रोबो घेऊन लिहीन, कंपनीचं नाव गाळलं तरी चालेल, तुटलेल्या गुडघ्याचा जवळून काढलेला फोटो मात्र सोबत छापा. तो गुडघा मी पितळेची बुश म्हणजे बारकी नळी टाकून, भिंत जाड करून परत बनवलाय. भाची रोज वाकवते आणि वहीत आकडा लिहिते, काल ३१२ झाले.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक