कार्डाआधी स्वतःचा खर्च वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'सर्वांत चांगलं क्रेडिट कार्ड कोणतं?' असं लोक सर्रास विचारतात. कोणाच्या खर्चासाठी, हे मात्र कोणी सांगत नाही. मी लेखा विभागात काम करते, त्यामुळे ओळखीचे लोक आपली स्टेटमेंटं माझ्याकडे आणतात. परवा एका मैत्रिणीचं स्टेटमेंट आम्ही पेन्सिल घेऊन ओळीओळीने पाहिलं. कार्ड प्रवाशांसाठीचं: विमानतळावर लाउंज, हॉटेलांत सवलत. खर्च मात्र किराणा, वीजबिल, मुलाची फी आणि पेट्रोल. वर्षभरात विमानाचं एकही तिकीट नाही. पेट्रोलवर त्या कार्डाचे पॉइंट मिळतच नव्हते, आणि जमलेल्यांपैकी बरेचसे मुदत संपून बाद झाले होते. वार्षिक फी तेवढी न चुकता कापली जात होती.

फीचा हिशेब सोपा आहे. परतावा 1 टक्का असेल, तर फीच्या 100 पट खर्च झाल्यावर फी वसूल होते, फायदा त्यापुढे. तेवढा खर्च मुळात होणारच नसेल, तर बिनफीचं साधं कार्ड घ्यावं. पॉइंटांसाठी खर्च वाढवणं मला अजिबात पटत नाही.

पण ज्यांची बाकी दरमहा राहते, त्यांनी पॉइंटांकडे बघूच नये, फक्त व्याजदर पाहावा. महिन्याला 3 टक्के हा आकडा किरकोळ वाटतो. चक्रवाढीने तो वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातो. त्यापुढे 1-2 टक्के कॅशबॅक काय पुरणार? 'किमान देय रक्कम' भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. बाकी ठेवली की बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदतही जाते आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. कार्डावर रोख काढली तर बहुधा त्याच दिवसापासून, वर शुल्क वेगळं. अशा लोकांनी आधी बाकी फेडावी, नवं कार्ड नंतर.

परदेशी चलनात खरेदी करणाऱ्यांनी त्यावरचा अधिभारही बघून घ्यावा.

आपल्याला एक कळकळीची विनंती आहे. कार्डांची तुलना छापताना वार्षिक व्याजदर आणि कोणत्या खर्चावर पॉइंट मिळत नाहीत, हे दोन रकाने पहिले ठेवा, तेही बक्षिसांइतक्याच मोठ्या अक्षरांत.

आपली,
एक नियमित वाचक